शिकण्यासाठी निधी मागताना : फिल्म-टीव्हीतल्या फ्रीलान्सरांसाठी अनुभव आणि चर्चा

धायरीकर | सोमवार, रात्री ११.४०

मंडळी,

गेली नऊ वर्षं मी लोकेशन साउंडमध्ये, म्हणजे शूटिंगच्या जागी आवाज रेकॉर्ड करण्याच्या कामात आहे. केबल गुंडाळण्यापासून सुरुवात केली, मग बूम (लांब काठीवरचा माइक) धरला, आता अधूनमधून स्वतंत्र रेकॉर्डिस्ट म्हणून कामं येतात. राहते धायरीला, काम मिळेल तिथे जाते. वाई, भोर, ठाणे, कधी कोल्हापूर. पुण्यात आपल्यासारखी पुष्कळ माणसं आहेत. माहितीपट, कॉर्पोरेट फिल्म, मालिका, वेब, जे येईल ते करणारी. कुणाला पगार नाही, भरपगारी रजा नाही. कंपनी स्वतः पैसे भरून ट्रेनिंगला पाठवते, हे मी फक्त माझ्या आयटीतल्या भावाकडून ऐकलंय.

गेल्या महिन्यात मला मुंबईतल्या पंधरा दिवसांच्या डायलॉग एडिटिंगच्या (रेकॉर्ड झालेले संवाद स्टुडिओत साफ करून जुळवण्याच्या) कोर्ससाठी एका न्यासाकडून मदत मंजूर झाली. हा माझा तिसरा अर्ज. आधीचे दोन वेगवेगळ्या ठिकाणी नाकारले गेले होते. नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष त्यांचा नव्हता. अर्ज कसा बदलत गेला, ते सांगायला हा धागा काढलाय.

पहिल्या अर्जाची सुरुवात अशी होती : "मला लहानपणापासून आवाजाच्या जगाची ओढ आहे. या कोर्समुळे माझ्या कौशल्यात मोलाची भर पडेल." पुढे दीड पान कोर्सचीच माहिती, त्यांच्याच माहितीपत्रकातून उतरवलेली. दुसऱ्यात मी परिस्थिती लिहिली. वडिलांचं आजारपण, मालिकेचे पैसे ९० दिवसांनी येतात, घरभाडं. सगळं खरं होतं. पण वाचणाऱ्यासमोर तशा खऱ्या परिस्थितीचे गठ्ठेच असतात, आणि माझ्या अर्जात माझ्या कामाबद्दल एक ओळ नव्हती.

तिसऱ्या वेळी मेणवलीच्या घाटावरचा एक दिवस लिहिला. तो इथेही लिहिते.

नऊवारी नेसलेली अभिनेत्री पायऱ्या उतरत येते. तीन पानांचा संवाद. शॉट वाइड, त्यामुळे बूम फ्रेमच्या बाहेर, सगळी भिस्त लेपलवर (कपड्यांत लपवलेल्या छोट्या माइकवर). पदर खांद्यावरून घट्ट काढलेला आणि काठाला जरीचं काम. तिने श्वास घेतला की जरीचा काठ माइकवर घासायचा, हेडफोनमध्ये सारखी खरखर. मेडिकल टेपने माइक गळ्याजवळ सरकवला, तर तिथे मंगळसूत्र आपटायला लागलं. ऊन उतरत होतं. दिग्दर्शकाने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "चालेल?" मी मान हलवली.

ते चालण्यासारखं नव्हतं. स्टुडिओत अर्धा संवाद बाद झाला. अभिनेत्री दुसऱ्या शूटवर, डबिंग तीन आठवड्यांनी. त्या डबिंगला मी जाऊन बसले होते. शब्द सगळे जागेवर बसले, पण पायऱ्या उतरताना तिचा जो दम लागला होता, जो त्या सीनचा प्राण होता, तो काही परत आला नाही.

त्या दिवशी कळलं की मला नेमकं काय येत नाही. मागून काय साफ करता येतं आणि काय अजिबात येत नाही, हे मला माहीत नव्हतं. म्हणून "अजून एक टेक द्या" म्हणायचं की गप्प राहायचं, हे सेटवर ठरवता येत नव्हतं. रेकॉर्डिस्टला डायलॉग एडिटिंग शिकायची गरज कशासाठी, या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच होतं. अर्जात ते अकरा ओळींत लिहिलं. न्यासाच्या बाईंचा फोन आला तेव्हा पहिला प्रश्न त्यांनी त्या खरखरीबद्दलच विचारला.

माझं म्हणणं हे : अर्जात कोर्सचं गुणगान नको. तुमचं काम कुठे अडलं, ती जागा दाखवा.

तुमचे अनुभव लिहा. कुणाला अर्ज वाचून हवा असेल तर तेही सांगा.

कात्रीवाला | मंगळवार, रात्री १२.१५

ताई, मनापासून आभार. सहा वर्षं असिस्टंट एडिटर आहे. माझा एकच अर्ज झालाय, आणि त्याची सुरुवात तुमच्या पहिल्या अर्जासारखीच होती, ओढ शब्दासकट.

दोन प्रश्न. एक, हे पैसे देणारं मुळात कोण आहे? शोधायला बसलं की सगळं सिनेमा बनवण्याच्या निधीबद्दल सापडतं. दोन, माझ्याकडे क्रेडिट नाहीत. मालिकेत असिस्टंटचं नाव येतंच असं नाही. मी सहा वर्षं काम केलं, हे कागदावर कसं दाखवायचं?

माहितीपटकार | मंगळवार, सकाळी ८.०५

पहिल्या प्रश्नाचं मी लिहितो, कारण त्यात माझी चार वर्षं वाया गेली आहेत.

सिनेमाला मिळणारे पैसे वेगळे आणि सिनेमा करणाऱ्या माणसाला शिकायला मिळणारे वेगळे. राज्य सरकारचं मराठी चित्रपटाचं अनुदान तयार झालेल्या चित्रपटाला, निर्मात्याच्या हातात मिळतं. त्यात बूम धरणाऱ्याला किंवा असिस्टंट एडिटरला जागा नाही. रॉटरडॅम महोत्सवाचा ह्यूबर्ट बाल्स फंड, बर्लिनचा वर्ल्ड सिनेमा फंड, हे सगळे प्रकल्पाचे पैसे. तिथे "मला कोर्स करायचाय" म्हणून जाण्यात अर्थ नाही. मी गेलो होतो.

बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स १९९३ साली स्थापन झाली, १९९५ पासून अनुदानं देते. त्यांचं मला सर्वात भावलेलं म्हणजे अर्ज भारतीय भाषांत करता येतो. मराठीत विचार करून इंग्रजीत अर्ज लिहिताना आपण किती खोटं बोलतो, हे मला तिथे मराठीत लिहायला बसल्यावर समजलं. पण तेही संशोधनाला किंवा कलाप्रकल्पाला देतात. फी हवी असेल तर ते ठिकाण नव्हे. त्याऐवजी तुमच्या कामातला एखादा प्रश्न खणून काढायचा असेल, समजा जुन्या तमाशापटांच्या ध्वनिमुद्रणाचा अभ्यास, तर जरूर बघा.

केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या फेलोशिप आहेत. कनिष्ठ महिना १०,००० रुपये, वरिष्ठ महिना २०,०००, दोन वर्षं. कनिष्ठसाठी वय २५ ते ४०, वरिष्ठसाठी ४० च्या पुढे. कल संशोधनाकडे. चित्रपटतंत्रासाठी नाहीत, पण लोककला, वाद्यं, वस्त्रपरंपरा असा विषय तुमच्या खात्याला भिडत असेल तर वाट निघते.

काही ठिकाणी रोख पैशापेक्षा सहवास आणि मार्गदर्शन मिळतं. गोव्यात इफ्फीच्या (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या) वेळी होणारा क्रिएटिव्ह माइंड्स ऑफ टुमारो उपक्रम २०२१ साली ७५ जणांनी सुरू झाला, २०२४ मध्ये १०० जण निवडले. त्यात ध्वनी, संकलन, वेशभूषा-रंगभूषा अशी खाती वेगळी धरतात. कात्रीवाला, वय ३५ च्या आत असेल तर आजच बघा. गोव्यातलाच फिल्म बझार २००७ पासून आहे, पण तिथे हातात प्रकल्प लागतो. ब्रिटिश अकादमीचं बाफ्टा ब्रेकथ्रू भारतात २०२० साली आलं, वर्षभराचं मार्गदर्शन देतं, टीव्हीतल्या लोकांनाही घेतं. मात्र तिथे एखादं दखल घेतलं गेलेलं काम नावावर लागतं. बुसानच्या महोत्सवाची आशियाई अकादमी २००५ पासून चालू आहे, तीही तरुण चित्रपटकर्त्यांसाठी.

नुसती फी देणारे बहुतेक छोटे न्यास, ज्ञातिसंस्था, रोटरीसारखे क्लब, माजी विद्यार्थी मंडळं, कधी कोर्स चालवणारी संस्था स्वतः. कोर्सवाल्यांना सरळ विचारा, फीमध्ये सवलत किंवा हप्ते आहेत का. आपण विचारतच नाही.

आणि आपल्या दाराशी काय आहे ते विसरू नका. लॉ कॉलेज रोडवर एफटीआयआय आहे, १९६० साली प्रभातच्या आवारात सुरू झालेली. तिच्या खुल्या अध्ययन केंद्राचे छोटे कोर्स २०१७ पासून ठिकठिकाणी होतात, आणि त्यांना पूर्णवेळ प्रवेश लागत नाही. लॉ कॉलेज रोडलाच १९६४ चं चित्रपट संग्रहालय आहे. पुण्यात कोर्स केलात तर राहण्याचा खर्च शून्य. अर्जातली रक्कम त्याने बरीच कमी होते.

हिशोबनीस | मंगळवार, दुपारी १.२०

मी सी.ए. आहे, डेक्कनला ऑफिस. माझे बरेचसे अशील या व्यवसायातले. कात्रीवाला यांच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल.

तुमचं नाव पडद्यावर आलं नसेल, पण टीडीएस कापला असेल तर २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या करकपातीच्या पत्रकात आलेलं असतं. कापणाऱ्या निर्मितीसंस्थेचं नाव, तारीख, रक्कम, सगळं. तिथे सहा वर्षांचं काढा, संस्थेनुसार लावा. हा तुमच्या कामाचा आयकर खात्याकडचा पुरावा. सोबत बँकेतल्या त्याच नोंदी आणि तुमची बिलं जोडा. बिलं करत नसाल तर या महिन्यापासून करा. क्रमांक घाला आणि कामाचं नाव, तारखा, तुमचं काम नेमकं काय होतं, हे लिहा. "एडिटिंग चार्जेस" एवढंच लिहिलेल्या बिलाने तुम्ही असिस्टंट होतात, ऑनलाइन एडिटर (अंतिम प्रत जुळवणारा) होतात की ट्रेलर कापत होतात, हे कुणालाच कळत नाही.

दुसरी गोष्ट, इथे बऱ्याच जणांचे अर्ज लटकतात. आपल्यापैकी अनेक जण ४४एडीएखाली, म्हणजे आयकर कायद्यातल्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या तरतुदीखाली विवरणपत्र भरतात. मिळालेल्या रकमेच्या किमान निम्मं उत्पन्न दाखवायचं, आणि हिशेबाच्या वह्या ठेवायची सक्ती नाही. समजा वर्षाला बँकेत ४,८०,००० आले, तर विवरणपत्रात उत्पन्न २,४०,०००. आता तुम्ही दोन्ही कागद जोडले की वाचणाऱ्याला दोन आकडे दिसतात, त्याला वाटतं काहीतरी लपवलंय. अर्जातच दोन ओळी लिहा : एकूण जमा इतकी, करासाठी उत्पन्न इतकं, कारण ही तरतूद. शंका तिथेच मिटते.

त्या तरतुदीत 'फिल्म आर्टिस्ट' धरतात त्या यादीत संकलक, कॅमेरामन, कला दिग्दर्शक, सहायक दिग्दर्शक, वेशभूषाकार, पटकथा-संवादलेखक आहेत. ध्वनिमुद्रक असा वेगळा उल्लेख नाही. धायरीकर, तुमच्या सी.ए.ला हे दाखवा.

आणि सर्वांनी आधी विचारा : पैसे आगाऊ मिळणार की खर्च करून बिलं दिल्यावर? बिलं दिल्यावर मिळणार असतील तर तोवरचे पैसे कुठून आणणार, हे तुमचं तुम्हाला माहीत हवं. ९० दिवसांनी पेमेंट येणाऱ्या माणसाला मंजुरी मिळूनही कोर्स सोडावा लागलेला मी पाहिलाय.

जुनाकॅमेरा | मंगळवार, संध्याकाळी ७.५०

सगळं वाचलं. वेगळं मत मांडतो, राग नसावा.

अठ्ठावीस वर्षं कॅमेऱ्यामागे आहे. आम्ही मॅगझिन (कॅमेऱ्याचा फिल्मचा डबा) लोड करत शिकलो. काळ्या पिशवीत हात घालून, न बघता. चूक झाली तर दिवसाचं शूट वाया, आणि ती भीतीच आमची गुरू. आज डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती मिळते, त्यांची प्रशिक्षणाची पुस्तकंसुद्धा फुकट उतरवून घेता येतात. मग शिकायला पैसे मागायचे कशाला? अर्ज लिहिण्यात चार महिने घालवण्यापेक्षा चांगल्या माणसाच्या हाताखाली चार महिने काढा. आणि हात पसरायची सवय लागली की माणूस मोडतो, असं मला खरोखर वाटतं.

धायरीकर | मंगळवार, रात्री १०.३०

दादा, राग कसला. मीही तसंच शिकले. पहिली दोन वर्षं ज्यांच्या हाताखाली काढली त्यांचं ऋण आहे, आणि रिझॉल्व्हची ती पुस्तकं माझ्याकडेही आहेत.

पण दोन गोष्टी सांगते. तुमच्या काळी युनिट मोठं होतं. पहिला, दुसरा, तिसरा असिस्टंट. बघत शिकायला जागा होती. आज पुण्यातल्या बहुतेक कामांवर साउंडला एक माणूस असतो, फार तर दोन. माझ्या शेजारी उभी राहून माझ्याकडून शिकणारी मुलगी मला ठेवताच येत नाही, बजेटमध्ये तिचा डबासुद्धा नसतो. दुसरं, मला जे शिकायचं होतं ते सेटवर होतच नाही. ते स्टुडिओत होतं, मी पुढच्या शूटवर गेल्यानंतर. माझीच चूक दुसरा कुणीतरी महिन्यानंतर, मी नसताना निस्तरतो. ती बघायला जायचं तर माझी रोजची शिफ्ट बुडते.

हात पसरण्याबद्दल. मी हिशेब मांडला तो इथे ठेवते, म्हणजे कळेल. कोर्सची फी ४२,०००. पंधरा रात्री मुंबईत राहणं, ९०० प्रमाणे १३,५००. जाणं-येणं आणि लोकल १,६००. त्या पंधरवड्यात माझ्या सरासरीने नऊ शिफ्ट बुडणार, ३,५०० प्रमाणे ३१,५००. एकूण ८८,६००. मी मागितले ५७,१००. बुडालेल्या शिफ्टचे ३१,५०० माझा वाटा, असं स्पष्ट लिहिलं. पहिल्या अर्जात फक्त फी मागितली होती, कारण जास्त मागायला लाज वाटली. ती मंजूर झाली असती तरी मी जाऊ शकले नसते.

स्वतःचा वाटा आकड्यात लिहिल्यावर मला हात पसरल्यासारखं वाटलं नाही. समोरासमोर बसून व्यवहार केल्यासारखं वाटलं.

लीड्सकर | बुधवार, पहाटे २.१०

नमस्कार, मी मूळची सदाशिव पेठेतली, सध्या ब्रिटनमध्ये लीड्सला प्रॉडक्शन को-ऑर्डिनेटर. इथे हे कसं चालतं ते सांगते, जुनाकॅमेरा यांच्या मुद्द्याला धरून.

इथे स्क्रीनस्किल्स नावाची संस्था आहे, २०१८ पर्यंत तिचं नाव क्रिएटिव्ह स्किलसेट होतं. मोठ्या बजेटच्या टीव्ही मालिका आपल्या बजेटचा ०.५ टक्का तिच्या कौशल्य निधीत भरतात, वरची मर्यादा ठरलेली आहे. त्या पैशातून फ्रीलान्सरांना शिकवलं जातं. शिक्षणवेतनातून कोर्सची फी, प्रवास, राहणं, उपकरणं, मूल सांभाळण्याचा खर्च, इतकंच काय गाडी शिकण्याचे पैसेही मागता येतात, कारण धावपळीच्या कामाला गाडी चालवता यावी लागते.

म्हणजे तो निधी आपल्याच घामातून उभा राहतो. फ्रीलान्सर एका कामावर शिकतो आणि फायदा पुढच्या निर्मात्याला होतो, त्यामुळे एकटा निर्माता शिकवण्यावर खर्च करत नाही. म्हणून सगळ्यांनी मिळून टाकायचे. इथे अर्ज करताना कुणी मान खाली घालत नाही.

अर्ज मात्र इथेही नाकारले जातात, आणि कारण धायरीकर म्हणतात तेच. हा कोर्स, आत्ताच, तुम्हालाच का, याचं उत्तर नसतं. माझा पहिला अर्ज परत आला तेव्हा शेरा होता की याने तुम्ही पुढच्या कोणत्या पदावर जाल ते कळत नाही. दुसऱ्या वेळी लिहिलं, "आत्ता मी कॉलशीट (शूटच्या दिवसाचं वेळापत्रक) बनवते, अंदाजपत्रक दुसरी व्यक्ती बघते. या कोर्सनंतर छोट्या कामाचं अंदाजपत्रक मी स्वतः बघेन, आणि तसं काम देऊ करणारं हे पत्र सोबत आहे."

सुईदोरा | बुधवार, सकाळी ११.००

मूल सांभाळण्याचा खर्च मागता येतो, हे वाचून क्षणभर थांबले. मी कॉस्च्यूम असिस्टंट, मुलगी चार वर्षांची. कोर्स दहा दिवसांचा, पाळणाघर सहाला बंद होतं, कोर्स सातला सुटतो. हे इथल्या अर्जात लिहिलं तर काय समजतील?

आमच्या खात्यातल्या बऱ्याच जणींकडे कसलंच प्रमाणपत्र नसतं. मी मीडिया अँड एंटरटेनमेंट स्किल्स कौन्सिलची आरपीएल केली, म्हणजे आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा देऊन प्रमाणपत्र. त्याने काम मिळालं असं म्हणणार नाही, पण अर्जात शिक्षणाच्या रकान्यात बारावीनंतर लिहायला एक ओळ आली.

आणि धायरीकर, नऊवारीबद्दल. शूटच्या आदल्या दिवशी साउंडने आम्हाला नुसतं सांगितलं, की या सीनला लेपल आहे, तर आम्ही पदराच्या आतल्या बाजूने मऊ सुती पट्टी टाचून देतो. जरीचा काठ माइकला लागत नाही. मंगळसूत्राच्या वाट्या मागून दोऱ्याने ब्लाउजला अडकवायच्या. दहा मिनिटांचं काम आहे. आम्हाला कुणी विचारतच नाही.

धायरीकर | बुधवार, सकाळी ११.२५

सुईदोरा, नऊ वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही. पुढच्या शूटला कॉस्च्यूमला आदल्या दिवशी फोन, हे आत्ताच वहीत लिहिलं.

माहितीपटकार | बुधवार, दुपारी ३.४०

सुईदोरा, लिहा. मी दोन वर्षं एका छोट्या निवड समितीवर होतो, तेवढ्या अनुभवावरून सांगतो. खर्चाच्या तक्त्यात वेगळी ओळ करा : पाळणाघरानंतरचे, प्रवास धरून, दीड तास, दहा दिवस, सांभाळणाऱ्या बाईंचे इतके. भावनिक काही नको, नुसता आकडा. नियमात बसत नसेल तर समिती तेवढी ओळ कापते आणि बाकीचा अर्ज तसाच पुढे जातो. लपवून ठेवलात आणि चौथ्या दिवशी कोर्स सुटला, तर पुढच्या वेळी त्यांना तुमच्यावर भरवसा ठेवणं अवघड जातं.

समितीत बसल्यावर कळलेली आणखी एक गोष्ट. एका बैठकीत साठ-सत्तर अर्ज असायचे. चौथ्या ओळीपर्यंत माणूस दिसला नाही तर पुढचं वाचणं हे कर्तव्य म्हणून होतं. आणि शिफारसपत्रं! "मी यांना पाच वर्षं ओळखतो, त्या मेहनती व प्रामाणिक आहेत." अशा पत्राने काडीचा उपयोग होत नाही. एका गॅफरने (दिव्यांच्या टीमच्या प्रमुखाने) आपल्या लाइटमनसाठी लिहिलेलं पत्र अजून आठवतं. त्यात होतं, की पावसात जनरेटर बंद पडला तेव्हा याने अर्थिंग तपासल्याशिवाय कुणाला दिव्याला हात लावू दिला नाही, दिग्दर्शक ओरडत असतानाही. सगळी समिती गप्प झाली. त्याला सुरक्षेच्या प्रशिक्षणाचे पैसे मिळाले.

जुनाकॅमेरा | बुधवार, रात्री ९.१५

लीड्सकरांची गोष्ट पटली. निधी आपल्याच कामातून उभा राहत असेल तर तो हक्क झाला. आपल्याकडे सिने कामगार कल्याण निधीचा १९८१ चा कायदा होता, त्यासाठी चित्रपटांवर उपकर होता, पण त्यातून कामगाराला स्वतःला पुढचं काही शिकता आलंय, असं माझ्या डोळ्यांसमोर तरी झालं नाही. शिष्यवृत्ती आठवते ती मुलांच्या शाळेसाठी. तीही मोलाचीच, पण बापाने काय करायचं, हा प्रश्न राहतोच.

युनिटमध्ये आता शिकायला जागा नाही, हे धायरीकरचं म्हणणंही खरं आहे. माझ्या शेवटच्या तीन कामांवर असिस्टंट एकच होता.

शिफारसपत्रं मी आजवर तीस-चाळीस तरी दिली असतील. सगळी मेहनती आणि प्रामाणिकवाली. ज्यांना दिली त्यांची आज माफी मागावीशी वाटते. यापुढे जो पत्र मागेल त्याने कोणत्या दिवशी काय झालं होतं त्याची मला आठवण करून द्यावी, मी ते लिहीन.

कात्रीवाला | गुरुवार, रात्री १.०५

२६एएस काढलं. सहा वर्षांत अकरा निर्मितीसंस्था निघाल्या, चार तर मी विसरूनच गेलो होतो. हिशोबनीस, आभार.

ऑनलाइन कन्फॉर्म (पक्क्या कटला मूळ फुटेज जोडणं) आणि कलर ग्रेडिंगच्या (चित्राचे रंग जुळवण्याच्या) कोर्ससाठी अर्ज करतोय. पहिला परिच्छेद टाकतो, कृपया कठोरपणे वाचा :

"मी सहा वर्षं सहायक संकलक आहे. या काळात मला पोस्ट-प्रॉडक्शनच्या सर्व टप्प्यांचा अनुभव मिळाला. आजच्या स्पर्धेच्या युगात कलर ग्रेडिंगचं महत्त्व वाढलं असून या कोर्समुळे मी या क्षेत्रात भक्कम पाऊल टाकू शकेन."

धायरीकर | गुरुवार, सकाळी ७.३०

यात तू कुठेच दिसत नाहीस रे. "सर्व टप्प्यांचा अनुभव" असेल तर कोर्स कशाला हवा, असं मी समितीत असते तर विचारलं असतं. स्पर्धेचं युग काढून टाक. कुठल्या रात्री अडकलास ते सांग. अडकला असशीलच.

कात्रीवाला | गुरुवार, सकाळी ९.५०

हो. गेल्या मे महिन्यात. एक माहितीपट होता, तीन कॅमेरे आणि ड्रोन. मी प्रॉक्सीवर (फुटेजच्या हलक्या प्रतींवर) ऑफलाइन, म्हणजे पहिलं संकलन पूर्ण केलं, दिग्दर्शकाने मान्य केलं. कलरला मूळ फुटेज जोडायला घेतलं तर ड्रोनचे सगळे शॉट सरकलेले. ड्रोन सेकंदाला २९.९७ फ्रेमला होता, बाकी सगळं २५ ला. प्रॉक्सी बनवतानाच मी ते एकसारखे करून टाकले होते आणि मूळ वेग कुठे नोंदवलाच नव्हता. दोन रात्री बसून एकेक शॉट हाताने जुळवला. कलरिस्टचे दोन दिवस वाया गेले, त्याचे पैसे निर्मात्याने भरले. मला कुणी काही बोललं नाही, पण पुढच्या कामाला त्यांनी बोलावलंही नाही.

धायरीकर | गुरुवार, सकाळी ९.५८

हाच तुझा पहिला परिच्छेद. जसा आत्ता इथे लिहिलास तसाच. शेवटचं वाक्यही ठेव.

माहितीपटकार | गुरुवार, सकाळी १०.२०

धायरीकरशी सहमत. एक भर घाला : आज तेच काम आलं तर पहिल्या दिवशी काय वेगळं कराल आणि त्यातलं काय तुम्हाला अजून येत नाही. जे येत नाही ते कोर्सच्या अभ्यासक्रमातल्या कुठल्या आठवड्यात शिकवतात, त्याचा उल्लेख करा. कोर्स आणि तुमचं काम तिथे एकमेकांना भेटतात.

कलरिस्टकडून पत्र मिळेल का बघा. त्याचे दोन दिवस गेले होते. त्याने लिहिलं तर त्याला वजन आहे.

कात्रीवाला | गुरुवार, दुपारी ४.४५

फोन केला. आधी हात थरथरत होता. ते म्हणाले, पत्र देतो, आणि तू दुसऱ्या रात्री पहाटे पाचपर्यंत बसून ती यादी पुरी केलीस आणि मग मला झोपेतून उठवलंस, हेही लिहितो. शनिवारी प्रभात रोडला भेटायचं ठरलंय.

अर्जाची मुदत ३० तारखेला आहे. खर्चाचा तक्ता आज रात्री टाकतो. फी, आणि सहा शिफ्ट बुडतील त्या माझ्या वाट्यात. कोर्स पुण्यातच आहे, त्यामुळे राहण्याची ओळ नाही. हिशोबनीस, वेळ मिळाला तर दोन आकड्यांची ती ओळ बरोबर आलीय का तेवढं बघाल?

हिशोबनीस | गुरुवार, संध्याकाळी ५.१०

टाका. बघतो. मंजुरीपत्र आलं की तेही दाखवा. शिक्षणाच्या खर्चासाठी दिलेली शिष्यवृत्ती करमुक्त असते, पण पत्रात ती शिष्यवृत्ती म्हटली आहे की मानधन, यावर सगळं ठरतं. मानधन लिहिलं असेल तर पैसे घेण्याआधीच त्यांना विचारून घेऊ.

सुईदोरा | गुरुवार, रात्री ११.२०

मुलगी झोपली. माझाही पहिला परिच्छेद लिहिलाय. पावसात भिजलेल्या पैठणीच्या कंटिन्युइटीचा. उद्या सकाळी टाकते.